दहा मोजेपर्यंत

हॅलो? …कोण, वन्सं? बरं झालं, तुम्हीच केलात. मी करणारच होते… हो, हो, बरे आहेत तुमचे भाऊ. दुकानात बसलेत, डाव्या हातानं बटणं निवडतायत.

…अहो ऐका ना. मागच्या वेळी तुम्हाला इस्त्री म्हणाले म्हणून फोन आपटलात. महिना झाला त्याला. …छे, टोमणा कसला! जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. अर्धांगाचा झटका आल्यापासून शब्द सुचला नाही की हाताशी जे असेल तेच तोंडातून येतं. मला दोन महिने कात्री म्हणत होते… हसू नका. …बरं, हसा. माझी जीभ बघता फार चूकही नव्हती.

…कोण म्हणतं डोकं फिरलंय? …तुमची शेजारीण? तिला म्हणावं, आधी स्वतःचं तपासून घे. सगळं कळतं यांना. मी बाही अर्धा इंच चुकले तरी लांबून बोट दाखवतात. फक्त नाव ओठांपर्यंत येतं आणि अडतं.

…त्या स्पीच थेरपीच्या बाई ना? भलं होवो त्या पोरीचं. पहिल्याच दिवशी मलाच झापलं! म्हणाली, "यांच्या तोंडातला शब्द तुम्ही का पळवता?" मी आपली मदत म्हणून 'पाणी? चष्मा? टेप?' करत होते. असा राग आला मला… घरी येऊन रडले. पण खरं बोलली. आता शब्द अडला की मी मनात दहा मोजते, तोंड मिटून. …हो, मी! आणि यांनी नाव सोडून भोवतीचं सांगायचं. कुठे असतं, कशाला लागतं, कुणी दिलं. सांगता सांगता नाव सापडतं. …परवा मला माझ्या नावानं हाक मारली, वन्सं. भाजी करपली, पण मी जागची हलले नाही. त्या पोरीचे पाय धरावेसे वाटले.

…नाही, तुम्हाला विसरले नाहीत! तीन आठवडे झाले, तुमचा फोटो पुढ्यात घेऊन बसतात रोज. …हो, तुमचाच. …थांबा, त्यांच्याजवळ जाऊन स्पीकरवर टाकते. पण हात जोडते, मध्ये बोलायचं नाही. शब्द पुरवायचा नाही. दहा मोजायचे. …आधी हो म्हणा. …हं.

अहो, बोला. त्याच आहेत.

"ह… हॅलो. …इस… नाही. नाही. …सायकल. …मागून धरली. …सो… सोडली…"

वन्सं, गप्प! सहाच झालेत.

"…पडलो. …सायकल मोडली. …मार… मी नाही… फोटोतल्या… हिनं खाल्ला."

…

"…ताई."

…

"ताई. …इस्त्री नाही."

…वन्सं? …आहात ना? …अहो, बोला की आता. दहा कधीच झाले.