बॉल थांबला तिथून

आमी पिंजारी. बाप धनुकली खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचा, कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा, आन् मीबी तेच केलं, फक्त फिरलो न्हाई, जुन्या नांदेडात दुकान टाकलं. नाव खलील. शाळा सातवीपर्यंत, तीबी बॉलसाठी, कारण बॉल शाळेत व्हता. आमच्या मोहल्ल्यात काय सांगू तुमाला, पोरगं चालाय लागलं की पयली लाथच मारतं, मग ती बॉलला लागू दे न्हाईतर बहिणीला. मी खेळलो, गुडघा गेला, मग रेफरी झालो, आन् मग मंडळी म्हणली की खलीलभाई कुणाशी भांडत न्हाईत, ह्यांनाच लीगचा सेक्रेटरी करा. मी भांडत न्हाई ते भित्रा हाय म्हणून. हे फक्त माझ्या बायकोला, रझियाला ठाऊक हाय. दारावर कुणी जोरात थाप मारली तरी मी आधी तिलाच पुढं धाडतो.

पयलं असं नव्हतं. हे भूकंपापासून. गणपती बुडवून लोकं झोपली आन् पहाटं इथं नांदेडातबी खाटा हलल्या, फळीवरचे भांडे खाली आले, आमी सगळे गल्लीत. आमचं काय पडलं न्हाई, पण किल्लारीकडं काय झालं ते तुमाला सांगायची गरज न्हाई. तवा आमची लीग चालू व्हती आन् तिच्यात लातूरची टीम व्हती. त्या टीमचे जाधव सर, शाळेत पीटी शिकवायचे, उंच, काळे, बोलायला खडे. त्यांची अर्धी पोरं तिकडच्याच खेड्यांतली, शिकायला लातुरात राहायची आन् गणपतीला गावी गेलती.

आता लीग बंद झाली, आमाला वाटलं लातूर काय येत न्हाई. तर थोड्या दिवसांनी सरांचा निरोप आला, आमी येऊन राहिलो. टीम आली एसटीनं. त्या टायमाला मॅचच्या आधी रेफरीनं टीमची नावं पुकारायची पद्धत व्हती, पोरगं हजर म्हणायचं आन् पुढं यायचं. मी आपला सवयीनं पुकारू लागलो. एक नाव घेतलं, कुणी बोललं न्हाई. मी परत घेतलं. तवा सर जमिनीकडं बघून म्हणले, पुढचं घ्या, खलीलभाई. पुढचं घेतलं, तेबी गप. पुढचं घ्या. असं चार वेळा म्हणले बघा ते, आन् माझ्या तोंडात पुढचं नाव हाय पण निघंना. त्या दिवसापासून मला कुणाचंबी नाव मोठ्यानं घ्यायची भीती वाटती. नाव घेतलं आन् ओ आली न्हाई तर?

मॅच कोण जिंकलं विचारू नका, मला आठवत न्हाई.

पण सरांची आन् माझी दोस्ती तिथूनच जमली. मग लातुरात क्लासेसचा जमाना आला, उमरी, धर्माबाद, चाकूर, कुठून कुठून पोरं यायलीत, डॉक्टर व्हायचं म्हणून, गल्लीगल्लीत होस्टेल, आन् होस्टेल म्हणलं की गाद्या. एकट्यापुरत्या, पातळ. मी टेम्पो भरून न्यायचो. रिकामा झालो की सरांकडं जेवायला. वहिनी, म्हंजी सरांच्या मिसेस, धपाटे करायच्या, वर दही, आन् म्हणायच्या, खलीलभाई, तुमी गाद्या भरता, पोरांना झोपवता, आन् आमचे हे त्यांना मैदानावर पळवतात, मग अभ्यास कोण करणार? सरांची टीम आता क्लासच्या पोरांची झालती. बारावी आली की पोरगं गायब, आई-बाप फोनवर शिव्या देणार. तरी सर टीम आणायचे.

आता आमच्याकडचा एक कायदा सांगतो, पुस्तकात न्हाई तो. मॅच चालू असताना असरची, म्हंजी दुपार कलल्यावरची, अजान झाली की खेळ थांबतो. बॉल जिथं असंल तिथं खडा ठेवायचा, ज्यांना नमाजला जायचं ते जातात, लातूरची पोरं, बाकीची हिंदू पोरं लिंबाखाली पाणी पीत बसतात, आन् नमाज झाली की बॉल त्याच खड्यावरून चालू. गोल तेच, टाइम तोच, पोरं तीच. ह्याच्यावरून आमच्यात कधी भांडण झालं न्हाई.

करोना आला तवा लीगची एकच मॅच बाकी व्हती, आखरी. स्टेशनकडची टीम एका पॉइंटानं वर, लातूर खाली, आन् ह्या दोघांचीच मॅच. आन् सगळं बंद. आधी वाटलं पंधरा दिवस. मग किती गेलं तुमाला ठाऊक हाय. माझ्या फोनवर लीगचा ग्रुप, त्याच्यावर रोज सकाळी एक फोटो, हार घातलेला, कधी कुणाचा अब्बा, कधी कुणाचा काका, मी बघणंच सोडलं. फोन उपडा ठेवायचो.

दुसरी लाट उतरली तसे लोकं मैदानावर जमले, तोंडाला रुमाल बांधून, लांब लांब उभे. स्टेशनवाले म्हणले, आमी वर हाव, कप आमाला द्या, संपवा. पार तळाला असलेली टीम म्हणली, हे सालच धरू नका, नव्यानं घ्या, सगळे शून्यावर. भांडून राहिले. त्यात एक म्हातारा गोलकीपर व्हता, तो म्हणला, अरे कशाला तंटा, आपला कायदा हायच की, बॉल थांबला तिथून चालू करा. लातूरला कळवा. सगळ्यांना पटलं. हाव हाव, खलीलभाई, लावा सरांना फोन.

मी मान हलवली आन् घरी आलो, आन् फोन लावला न्हाई.

लोकं म्हणले खलील स्टेशनवाल्यांना सामील हाय, कप त्यांना द्यायचा हाय म्हणून टाळून राहिला. म्हणू द्या. मी त्यांना काय सांगू? अजानीला गेलेली पोरं दहा मिनिटांत परत येतात, तीच पोरं, सगळी. इथं कोण परत येणार? सरांचा नंबर माझ्याकडंच, साधा बटनाचा फोन त्यांचा, ग्रुपवर न्हाईत, आन् एवढ्या दिवसांत त्यांनी एकदा फोन केला न्हाई. सर आन् फोन करणार न्हाईत? मला तर उत्तर मिळाल्यावाणीच व्हतं. पण जवर लावत न्हाई तवर सर लातुरात बसलेले हायत ना, असं मी मनाला सांगायचो. दुकानात बसलो की लातूरचा टेम्पो दिसला तरी मी तोंड फिरवायचो, न जाणो ड्रायव्हर काय तरी सांगंल.

शेवटी रझियानं फोन हातातून घेतला. म्हणली, तुमी तर जित्या माणसाची मय्यत करून बसलाव. मी नको नको म्हणून राहिलो आन् तिनं लावलाबी. रिंग वाजून राहिली. मग आवाज आला, कोण? रझिया म्हणली, नांदेडहून बोलते, खलीलभाईंच्या घरून. मग सर हळू आवाजात म्हणले, खलील हाय का?

म्हंजी कळलं का तुमाला, ते विचारून राहिले की मी हाय का गेलो.

मी फोन ओढला, म्हणलं हाय सर, हाय मी! सर म्हणले, हरामखोरा, मला वाटलं तू गेलास, म्हणून फोन करायची हिंमत झाली न्हाई. मी म्हणलं मलाबी तेच. आमी दोघं म्हातारे हसलो, लई हसलो, रझिया तोंडाला पदर लावून बघत बसली. हसू सरलं तसं मी म्हणलं, वहिनींना सलाम सांगा.

सर म्हणले, ती गेली की रे. वैशाखात.

काय सांगू तुमाला. इतक्या दिवसांत मी सगळ्यांची भीती धरली, सरांची, पोरांची, गोलकीपरची, माझी सवताची. वहिनींची एकदा धरली न्हाई. त्यांचं माझ्या मनातच आलं न्हाई. मला शब्द सुचंना. सरच म्हणले, लीग घे खलील. घर खायला उठतंय.

म्हणून मी कमिटीला सांगितलं, कप न खेळता कुणाला द्यायचा न्हाई आन् सालबी पुसायचं न्हाई. आखरी मॅच व्हईल. जितकी पोरं येतील तितक्यांनी खेळायचं, लातूरची आठ आली तर स्टेशनवाल्यांनीबी आठच उतरायचे. स्टेशनवाले कुरकुरले, पण ऐकलं.

येत्या रविवारी मॅच हाय. सर एसटीनं येणार, मी स्टँडवर जाणार. किती पोरं उतरतील त्याची भीती हायच, ती काय जात न्हाई आता. पण त्याच्यापेक्षा मोठी भीती ही की सर खाली उतरतील, माझ्याकडं बघतील, आन् मला बोलावं लागंल. अल्ला त्यांना सबर देवो, आन् मला जीभ.