सगळ्यात भक्कम ठसा

नाही, पण मी म्हणते, आहे तसं राहू द्यायला काय झालं होतं मला? चालू होतं ना? मस्त चालू होतं! मावशीनं स्वतः बसवून दिलेला प्रोग्राम... मावशी म्हणजे माझी, वकिलांच्या कागदांची भाषांतरं करणारी. आता तिचे डोळे थकले, म्हणून तिचे जुने वकीलसाहेब मला मिळणार होते. मला! नुसता बायोडेटा रंगवत घरी बसलेल्या मला! अट एकच, प्रत्येक मेलवर कॉम्प्युटरची सही हवी, म्हणजे मेल माझाच आहे याची खूण. मावशी म्हणाली, "माझ्यासारखंच करून दिलंय. बाई गं, सेटिंगला हात लावू नकोस."

तुम्हाला सांगते, असं म्हटलं की माझा हात खाजतोच. उघडलं! तर आत काय, की सही करण्याआधी प्रोग्राम अख्ख्या मेलचा छोटासा ठसा काढतो, एक स्वल्पविराम हलला तरी ठसा बदलतो, आणि तो काढायच्या पद्धती ढीगभर! कुठली आधी, कुठली नंतर, तुम्ही ठरवा! मला, जिला चहा की कॉफी ठरवता येत नाही तिला! जेवण सोडून वाचत बसले. ही जुनी, ही कुणीतरी फोडलेली, ही म्हणे बरी आहे. बरी? वकीलसाहेबांना नुसती बरी? सगळ्यात भक्कम ती एक ठेवली, बाकीच्यांना नारळ!

पहिलं काम पाठवलं, तर त्यांच्या क्लार्कचा फोन, दाढ दुखत असल्यासारखा आवाज, "मॅडम... तुमची सही लाल दाखवतेय."

"अहो, तुमचा प्रोग्राम जुना आहे, त्याला ही पद्धतच माहीत नाही! सही भक्कम आहे माझी!"

"असेल, मॅडम. साहेब म्हणतात, लाल म्हणजे खोटी."

"अहो, मीच बोलतेय ना?"

"फोनवर काय, कुणीही म्हणेल, मॅडम."

आहे तसं राहू द्यायला काय झालं होतं मला? मावशीला सांगितलं, तर ती ओरडलीसुद्धा नाही हो! ओरडली असती तर बरं... नुसतं म्हणाली, "मी त्यांना सांगितलं होतं गं, पोरगी माझ्यासारखीच आहे."

धावतपळत जुन्या पद्धती परत घातल्या, त्यांच्या प्रोग्रामला कळेल ती सगळ्यात वर, माफीचा मेल धाडला. क्लार्कचा फोन, "हिरवी आली, मॅडम!" मी खुर्चीतच नाचले! मागोमाग साहेबांचं सही केलेलं उत्तर, 'आपली ओळख पटली. काम दुसरीकडे दिले आहे.' आणि त्याच्यावर माझ्या प्रोग्रामची ही एवढी पट्टी, 'पाठवणाऱ्याच्या सहीची पद्धत कच्ची आहे. मजकुरावर विश्वास ठेवू नका.'

विश्वास ठेवू नका म्हणे! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग फोन करून विचारलं... खरं होतं.