साहेब, जरा उठता का?

दादाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी त्याचाच किस्सा सांगतोय, पण चहाची बशी समोर आली की तोच आठवतो. कॉलेजची फी आम्हाला झेपणारी नव्हती, म्हणून त्याने नादारीचा, म्हणजे गरिबांच्या फीमाफीचा अर्ज केला होता. घर बघायला कॉलेजचे एक प्रोफेसर येणार होते. दादा त्यांना आणायला गेला. मला वाटलं, एवढा मोठा माणूस येतोय, घराची अब्रू जायला नको. मी शेजारच्या मावशींची चकचकीत पितळी भांडी मांडली, हुसेनचाचांची खुर्ची आणून ठेवली.

साहेब खुर्चीत बसले. आईने शिरा दिला. चौफेर बघत ते म्हणाले, "घर तर खाऊनपिऊन सुखी दिसतंय," आणि अर्ज घडी घालून खिशात ठेवला. दादाचा चेहरा पांढरा पडला. मी दारात जाऊन ओरडलो, "चाचा, मावशी, आपापलं सामान घेऊन जा!"

मावशी भांडी गोळा करू लागल्या. चाचा खुर्चीमागे घुटमळत म्हणाले, "साहेब, जरा उठता का?"

साहेब उठले. "ही बशीपण मागून आणलेली?"

"बशी मावशींची. शिरा आमचा. आईने महिन्याचं तूप संपवलंय त्यात," मी म्हणालो.

साहेब जमिनीवर मांडी घालून बसले. शिरा चाटूनपुसून खाल्ला, बशी मावशींना दिली आणि अर्ज बाहेर काढला. "सही करतो. दौत-टाक तरी तुमचं आहे ना?"

ते दादाचं होतं. अजून कोनाड्यात आहे. मला धड लिहिता येत नाही, पण दौतीतली शाई मी वाळू देत नाही.