परीक्षेचा पेशंट

ताईला लायसन्स मिळाले खरे, पण आमच्या मामाने ते घालवायचेच काय ते बाकी ठेवले होते. ती डेंटल हायजिनिस्टचा कोर्स करत होती. शेवटच्या प्रॅक्टिकलला दात साफ करून दाखवायचे, पेशंट आपणच न्यायचा, आणि त्याच्या दातांवर मळाचा जाड थर पाहिजे. ताईने डोणगावच्या मामाला पक्के केले. परीक्षेच्या दिवशी मामाने तोंड उघडले आणि ताई मटकन खाली बसली. दात चकाचक!

"कालच मेहकरले डॉक्टरकडून साफ करून आलो," मामा म्हणाला. "भाचीच्या परीक्षेत घाणेरडं तोंड घेऊन बसू काय?"

"अहो मामा, तेच साफ करायची परीक्षा आहे ना!" सोबत आलेला मी ओरडलो.

ताई माझ्याकडे वळली. "तू आ कर बे."

मी केला. आमचा मोठा दादा तोंडाच्या कॅन्सरने जाऊन दीड महिना झाला होता. तंबाखू-सुपारीच्या खर्र्यापायीच गेला तो. आणि तेव्हापासून मी दिवसभर खर्राच चघळत होतो. ताईने मला खुर्चीत बसवून तासभर तो थर खरवडून काढला.

मग परीक्षक सर म्हणाले, "आता पेशंटला नीट समजावून सांगा. त्याचेही मार्क आहेत."

"खर्रा सोड!" ताई एवढ्या जोरात ओरडली, की बाजूच्या खुर्चीतला पेशंट उठून बसला. "मले आता एकच भाऊ उरला बे!"

सर म्हणाले, "पेशंटवर आवाज चढवायचा नसतो. दोन मार्क कापतो."

"कापा सर," ताई म्हणाली. "याले हळू सांगून समजत नाही."