रस्ता कोरडा आहे

— नाही, थांबा जयंतराव, आधी चहा घ्या, आणि कप जरा बाजूला धरा, नकाशावर डाग नको. नऊ वर्षं जपलाय. तुम्ही तीन वर्षं स्विफ्ट करंटला होतात असं सीमावहिनी म्हणाल्या, तेव्हा म्हटलं, इथे इंग्लंडात, अख्ख्या वॉटफर्डात एक तरी माणूस आला ज्याला कॅनडातलं सस्कॅचेवान कुठे आहे ते सांगत बसायला नको. तरी सांगतो, चुकलं तर थांबवा. रेजायनाला उतरायचं, एक नंबर हायवे धरायचा, पश्चिमेला. मूस जॉ, सत्तर किलोमीटर. पुढे चॅप्लिन — तिथे कडेला पांढरंफेक दिसतं, नवखा माणूस म्हणतो बर्फ, पण ते मीठ. बरोबर? मग तुमचं स्विफ्ट करंट, तिथून चार नंबर दक्षिणेला, मग तेरा नंबर, आणि तेरावर चाळीस मिनिटांनी मेअरटन. आमच्या सुलक्षणाचं, म्हणजे बायकोचं हॉस्पिटल. अकरा खाटा. आधी धान्याचं एलेव्हेटर दिसतं, म्हणजे ते उंच कोठार, गाव नंतर. हे ती सांगते हं. मी? मी कुठे गेलोय.

जायचं होतं ना. एटी-सिक्सला दोघांनी तिकडे डॉक्टरकीसाठी अर्ज केले, दोघांना होकार आला. ती पुढे गेली, मी एका इंटरव्ह्यूपुरता मागे राहिलो. कन्सल्टंट होऊन जाईन म्हटलं, पडेल चेहऱ्यानं नको. झालो का? नाही. मग पुढच्या वर्षी दुसरा इंटरव्ह्यू, मग तिसरा — आमच्यासारख्यांना म्हाताऱ्यांच्या वॉर्डात घेतात, वर नेत नाहीत, हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण दर वर्षी वाटायचं, आता एवढी थांबलीये तर अजून एक वर्ष. ती दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा नाही आली. आता मार्चअखेर रिटायर झालो, रजिस्ट्रारचा रजिस्ट्रार, कन्सल्टंटच्या हाताखालीच — आणि बारा मेचं तिकीट काढलंय. तिला सांगितलेलं नाही. गाडी भाड्यानं घेईन, थेट दारात उभा राहीन.

एक मिनिट, मला बोलू द्या, हे बघा. तिचं घर गावाबाहेर, तेराच्या उत्तरेला, ग्रिड रोडवर. रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, आणि मधेच एक खटकन वळण. का? तर पृथ्वी गोल. उत्तरेला जाणारे दोन सरळ रस्ते हळूहळू जवळ येतात, म्हणून दर चोवीस मैलांवर उचलून पुन्हा लांब ठेवतात. बेसावध माणूस सरळ शेतात जातो. पहिल्या हिवाळ्यात ती गेली होती — मी इथून फोनवर सांगितलं, तुझ्या पुढे वळण होतं, नकाशात आहे. आणि घड्याळं. आपण इथे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतो, हिवाळ्यात मागे, सस्कॅचेवान करत नाही. तिचा फोन रविवारी, तिकडच्या सकाळी दहाला. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात चारला, उन्हाळ्यात पाचला. मी पहिलं विचारतो, रस्ता कसा आहे? ती म्हणते, कोरडा आहे. नाहीतर, बर्फ आहे, पण मीठ टाकलंय. तेवढंच बोलतो आम्ही. दुसरं काय बोलणार?

काय?

कधी बंद झालं? ... त्र्याण्णवला. हो, वाचलं होतं मी, बारकी हॉस्पिटलं बंद करतायत म्हणून. पण मेअरटनचं — तुम्हाला नक्की माहितीये? तुम्ही तिच्या सेंड-ऑफला होतात. बरं. मग कुठे? कॅल्गरी. म्हणजे शेजारचा प्रांत, आल्बर्टा. म्हणजे हा नकाशाच नाही.

कॅल्गरीत बदलतात घड्याळं. आपल्यासारखीच.

दोन वर्षं फोन बारा महिने पाचलाच येतोय, जयंतराव. हिवाळ्यातसुद्धा. मला वाटलं, थंडीत उशिरा उठत असेल. नाही — खोटं कशाला बोलू, मला तसं वाटलं नव्हतं. दोन हिवाळे चारला खुर्चीत बसलोय आणि पाचपर्यंत हा नकाशा बघितलाय. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. ती खोटं बोलणारी बाई नाही. मी रस्त्याचं विचारायचो, ती रस्त्याचं सांगायची.

एकटीच असते का तिथे? ... राहू दे. खाली बघू नका असं, कळलं मला.

तिकीट रेजायनाचं आहे.

निघा तुम्ही आता, लेस्टर गाठायचंय ना? बाहेर पडलात की डावीकडे, राउंडअबाउटला सरळ, एम-वनचा बोर्ड दिसेल, नॉर्थ धरा. पाचला दहा कमी आहेत, मला फोन घ्यायचाय. नाही, तुम्ही आला होतात असं नाही सांगणार. रस्ता कसा आहे एवढंच विचारीन. जाताना दार ओढून घ्या.