आयचा घसा आणि मी मावशी

आम्ही मनोरीचे कोळी. माझी आय पाटी घेऊन होडीनं मार्व्याला उतरायची नि कांदिवलीत घरोघर म्हावरं विकायची. काय सांगू तुम्हाला, ती खाली गल्लीत ओरडली की चौथ्या माळ्यावरच्या बाया पातेली घेऊन जिन्यात यायच्या, असा गळा. त्या गळ्यावर आम्ही तिघं भावंडं वाढलो. मी मात्र पाटी घेतली नाही, तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये ऑपरेशन थेटरात लागले. आम्हा कामवाल्या बायांना तिथं सगळे मावशीच बोलतात.

भूल दिली की श्वासासाठी घशात रबरी नळी घालतात. त्या नळ्या धुवायच्या, उकळायच्या, मांडायच्या, हे माझं काम. भूल द्यायला एक डॉक्टरीणबाई यायच्या, फार निगुतीच्या. मावशी, बाईमाणसाला बारीक नळी दे हां, बोलायच्या, नि नळीच्या फुग्यात हवा भरायची ती लागेल तेवढीच, जास्त झाली की घसा आतून सोलवटतो. त्यांचे पेशंट दुसऱ्या दिवशी खुशाल बोलायचे. बाकीच्यांचे घसा धरून बसायचे.

मग आयचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. थेटरात नातेवाईक चालत नाही, सिस्टरनं मला बाहेर काढलं असतं, म्हणून मी कोणाला सांगितलंच नाही की ही माझी आय. सही भावानं केली. आयला बोलले, आत ओळख दाखवू नको गो. माझीच अक्कल, दुसरं काय!

नि नेमक्या त्या दिवशी बाई नाहीत, आले दुसरे, घाईतले. मी बारीक नळी पुढं केली, त्यांनी ती सारून जाडी उचलली, हवा भरली ती भरतच राहिले. माझ्या अगदी तोंडात आलं, साहेब, बास करा, ही ओरडून पोट भरते. पण मावशीनं तिथं बोलायचं नसतं, नि माझी आय आहे म्हणायची सोय मीच ठेवली नव्हती.

ऑपरेशननंतर आयचा आवाजच फुटेना, तर साहेब बोलले, घसा बसलाय, सुटेल दोन दिवसांत. सुटतोय कसला! वर्ष झालं. आता ती बाजारात पाटी मांडून गप बसते, गिऱ्हाईक शेजारणीकडं जातं. बाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच बोलल्या, तू तरी सांगायचंस ना गं. मी अजून त्याच नळ्या धुते.

आय मला कधी दोष देत नाही. पण त्या दिवशी टेबलावर सुई टोचली तेव्हा ती माझ्याकडं बघून मोठ्यानं बोललेली, मावशी, जरा हात धरा हो. पोटच्या पोरीला अहो-जाहो केलं, माझी नोकरी सांभाळायला. तोच तिचा शेवटचा धड आवाज, नि त्यात माझं नाव पण नव्हतं.