दारावरचा लाल दिवा

हिमेजीच्या इस्पितळात मी माझ्या नंबरची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर प्राध्यापक कुवाबारांची बायको आणि त्यांची विद्यार्थिनी होती. प्राध्यापक गेले, असं डॉक्टर नुकतंच दोघींना सांगून गेले होते.

“ते पडल्याचा आवाज तू ऐकलास ना, चिहारू?”

“ऐकला, बाई. पण प्रयोगशाळेतल्या अंधाऱ्या खोलीच्या दारावर लाल दिवा लागलेला होता.”

“मग?”

“तो असला की दार उघडायचं नाही. आत प्रकाश ओळखणारं प्रथिन असतं. उजेड लागला की त्याचा आकारच बदलतो. वर्षभर अंधारात वाढवलेले त्याचे स्फटिक वाया गेले असते.”

“हाक तरी मारलीस?”

“मारली. ‘दार उघडलंस तर याद राख,’ म्हणाले.”

“आवाज कसा होता?”

“नेहमीसारखाच, चिडलेला. पुन्हा हाक मारली तेव्हा बोलले नाहीत. मला वाटलं, रागावलेत.”

“आणि ते स्फटिक?”

“चांगले आहेत, बाई. एकही बिघडला नाही.”

“घरी अभ्यासाला बसले की मलाही असंच दरडावायचे. मी खुशाल उघडायचे दार. शिव्या खायचे, पण उघडायचे.”